लॅब दिली, किल्ली कुठंय? शाळेच्या कॉम्प्युटरची टेंडरं लिहिणाऱ्या साहेबांना आणि ती भरणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

साहेब, तुमचं नाव मला माहीत नाही आणि हे पत्र कुणा एकाला नाहीच. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या, संस्थेच्या ऑफिसात बसून "22 नग डेस्कटॉप, 1 नग स्विच, 1 नग रॅक, केबलिंगसह" अशी ओळ जे कोण टाईप करतं, आणि ती ओळ वाचून जे कोण रेट भरतं, त्या सगळ्यांना आहे. मी माणदेशातल्या एका हायस्कूलचा माजी विद्यार्थी, आता पुण्यात एका ऑफिसात नेटवर्कचं काम बघतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कॉन्ट्रॅक्टरचं पण नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाहीये, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. ज्या ज्या मित्राला सांगितली तो म्हणला आमच्या गावची पण सेम आहे.

तर झालं असं की 2025 च्या ऑक्टोबरात, 14 तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. दिवाळीची सुट्टी त्याच आठवड्यात लागत होती. हेडसरांचा फोन आला, लॅबच्या चालू मशीनवर मेसेज येतोय म्हणे की तुमचं विंडोज जुनं झालं, काय करायचं, नवीन घ्यायला तर पैसे नाहीत. म्हणलं सर काळजी करू नका, सुट्टीत येतोच आहे, दोन दिवसात करून देतो. दोन दिवस! आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं. भाऊबीज लॅबमध्ये गेली माझी, बहीण डबा घेऊन शाळेत आली आणि ओवाळून गेली.

लॅबमध्ये 22 मशीन. 10 जुनी, आधीच्या एका स्कीममधली, त्यांच्यावर विंडोज 11 चढायचा प्रश्नच नाही कारण त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर 8 व्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. 12 नवीन, ती चालण्यासारखी. ठरवलं की जुन्या 10 वर लिनक्स, नवीन 12 वर विंडोज 11, आणि दोन्हींवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, ऑफिसचं काम करायला लिब्रे ऑफिस, पोरांना स्क्रॅच, जिओजेब्रा वगैरे.

आता हे एकेका मशीनला पेन ड्राइव्ह लावून करायचं म्हणलं तर एकेकाला दीड-दोन तास, त्यात अपडेट, त्यात ड्रायव्हर, त्यात मध्येच लाईट जाणार. म्हणून नेटवर्कवरून करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण टेंडर लिहिणाऱ्याला हे कळलं पाहिजे असं माझं मत आहे. मशीन चालू झालं की ते हार्डडिस्ककडे न बघता आधी नेटवर्ककडे बघतं आणि ओरडतं, अरे कुणी आहे का, मला पत्ता द्या. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि सांगतो की अमक्या सर्व्हरवर तमकी फाईल आहे ती उचल. मशीन टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने ती छोटी फाईल ओढतं, ती फाईल मग पुढचं सगळं ओढते आणि शेवटी आपण एका मशीनवर नीट तयार केलेली जी डिस्क असते तिची कॉपी, म्हणजे इमेज, सगळ्या मशीनवर एकदम उतरते. याला पीएक्सई बूट म्हणतात, आपल्यात सगळे पिक्सी म्हणतात. काही नवीन जादू नाही, इंटेलने त्याचं 2.1 स्पेसिफिकेशन 1999 ला काढलं, म्हणजे आमच्या नववीच्या पोरांपेक्षा ते वयाने कितीतरी मोठं आहे. सॉफ्टवेअर पण फुकट मिळतं, मी फॉग वापरलं, क्लोनझिला पण आहे, तैवानच्या लोकांचं. सगळं फुकट, सगळं तयार. फक्त मशीन, वायर आणि स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी, आपल्या ताब्यात पाहिजेत.

आणि तिथंच घोडं अडलं ना साहेब.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला बसलो, सोबत नववीतल्या दोन पोरी आणि एक पोरगा, तिघांनाही सुट्टीत घरी कंटाळा. नवीन मशीनपैकी पहिलं चालू केलं, बायोसमध्ये जायला बटण दाबलं, म्हणजे मशीनने आधी नेटवर्ककडे बघायचं की डिस्ककडे हे जिथं ठरवतात तिथं. पासवर्ड विचारला. हेडसरांना विचारलं, ते म्हणाले कॉम्प्युटरच्या सरांना माहीत असेल, कॉम्प्युटरचे सर कॉन्ट्रॅक्टवर होते ते दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांना फोन लावला तर म्हणाले मला कधी दिलाच नाही, कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा यायचा तो टाकायचा. कॉन्ट्रॅक्टरला फोन. तिकडून उत्तर, "तो पोरगा सोडून गेला हो, आता सांगता नाही यायचं." बरं म्हणलं स्विचचा पासवर्ड? तो पण त्याच पोराकडे. म्हणजे एक पोरगा, मी त्याला कधी बघितलं नाही, बघणार नाही, पण 12 मशीन, एक स्विच आणि सगळी लॅब खिशात घालून तो कुठंतरी निघून गेलाय.

जुन्या 10 मशीनची मात्र गंमत झाली. त्यांचे बोर्डावरचे सेल, ते बटणासारखे गोल सीआर2032, कधीच मेलेले. सेल मेला म्हणून बायोसच्या सेटिंग उडालेल्या आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही उडालेला! सरळ आत गेलो. जी मशीन सगळ्यांनी भंगार म्हणून सोडून दिली होती तीच पहिली कामाला आली. नवीन 12 चे पासवर्ड सेल काढून जात नाहीत, त्यांच्या बोर्डावर त्यासाठी वेगळा जंपर, म्हणजे हलवायची छोटी पिन असते, पण तिथपर्यंत जायला सीपीयू उघडायचा आणि त्याच्यावर कॉन्ट्रॅक्टरचं वॉरंटीचं स्टिकर. वॉरंटी संपून वर्ष झालेलं. तरी हेडसर म्हणाले मला लेखी द्या. मी दिलं. "मी स्वतःच्या जबाबदारीवर 12 नग सीपीयू उघडत आहे" असा अर्ज माझ्या हाताने लिहून शाळेच्या फाईलला लागलाय, आवक नंबर पडलाय त्याला. हेडसरांना मी दोष देत नाही, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, सही त्यांची असते आणि उद्या ऑडिटला उभं त्यांनाच राहायचं असतं.

12 पैकी 11 उघडली. बारावं वेगळ्या मॉडेलचं निघालं, त्याचं पुढे सांगतो.

मग खरं काम सुरू. माझा जुना लॅपटॉप सर्व्हर केला, त्याच्यावर उबुंटू आणि फॉग, लॅपटॉप मुद्दाम, कारण लाईट गेली तरी बॅटरीवर तो तरी जिवंत राहतो, शाळेच्या यूपीएसचं काय सांगावं, फक्त पिवळी लाईट लागते. पहिली चार मशीन नेटवर्कवरून चालू केली. एकाने ई-61 नंबरचा एरर दिला, म्हणजे वायरच लागत नाही. दोघांनी ई-53 दिला. एकाने ई-16, म्हणजे पत्ता द्यायला कुणीच पुढं आलं नाही. पोरं लिहून घेत होती वहीत, म्हणली दादा हे काय आजाराची नावं आहेत का. म्हणलं हो तसंच समजा.

ई-53 सोपा होता पण त्याच्यामागची गोष्ट ऐका. ई-53 म्हणजे मशीनला पत्ता मिळाला पण फाईल कुठून उचलायची ते कुणी सांगितलं नाही. कारण पत्ता माझ्या लॅपटॉपने नाही, फायबरवाल्याच्या राउटरने दिला होता, तो ऑफिसच्या खिडकीत टांगलेला, तोच सगळ्या शाळेला पत्ते वाटतो. त्या राउटरचा पासवर्ड? बरोबर ओळखलंत. एक मार्ग असतो, डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर प्रॉक्सी मोडमध्ये बसवायचं, मग पत्ता राउटरने दिला तरी फाईलचं तेवढं आपण सांगायचं. पण मला वाटलं कशाला एवढं, लॅबच्या स्विचमधून ऑफिसकडे जाणारी वायरच काढून टाकतो आणि लॅपटॉपलाच पत्ते वाटायला बसवतो. केलं. चाललं. मस्त.

मग माझी चूक. संध्याकाळी लिनक्सच्या अपडेट ओढायला नेट लागलं म्हणून ती वायर परत लावली आणि लॅपटॉपवरचं पत्ते वाटप बंद करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून क्लार्क भाऊसाहेबांची हाक. सुट्टी असली तरी ते शालार्थची, म्हणजे पगाराची बिलं करायला आलेले. म्हणाले नेट जातंय येतंय म्हणून मी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तर हा बघा काहीतरी इंग्रजीत नाव विचारतोय, मी माझं नाव टाकू का? गेलो तर स्क्रीनवर फॉगचा मेनू! त्यांच्या मशीनला आधी नेटवर्क मग हार्डडिस्क अशी बूट ऑर्डर कुणीतरी कधीतरी करून ठेवलेली, मेनू नुसता बघत बसलं तर तो थोड्या वेळाने आपोआप हार्डडिस्कवर जातो, पण भाऊसाहेबांनी बाण खालीवर करून नोंदणीचा पर्याय दाबलेला. अजून दोन बटणं इकडंतिकडं झाली असती आणि इमेज उतरवायचा पर्याय उघडला असता तर तो फॉगचा युजर-पासवर्ड विचारतो, जो मी डीफॉल्टच ठेवला होता, शरमेने सांगतो. त्या मशीनमध्ये शाळा सोडल्याचे दाखले, पगारबिलं, यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची सगळी माहिती, आणि बॅकअप म्हणून एक पेन ड्राइव्ह जो घरी विसरलेला. माझ्या हातापायाला घाम फुटला. त्यांना चहा पाजला आणि नेमकं काय झालं असतं ते सांगितलं नाही. आता हे पत्र वाचून कळेल त्यांना. माफी असावी भाऊसाहेब.

चूक माझी, शंभर टक्के. पण साहेब, ऑफिस आणि लॅब एकाच स्विचवर, एकाच नेटवर्कमध्ये का होतं? ज्या लॅबमध्ये रोज पोरं काहीबाही दाबणार ती लॅब पगारबिलाच्या मशीनला थेट चिकटवायची हे डिझाईन कुणाचं? रॅकमधला स्विच चांगला होता, मॅनेज्ड होता, म्हणजे आतल्या सेटिंग बदलता येणारा, त्याच्यात व्हीलॅन करून दोन वेगळे भाग पाडता आले असते, त्यासाठीच तर तो महाग असतो. महाग स्विच घेतला आणि डब्यातून काढून जसा होता तसा लावला, फक्त पासवर्ड तेवढा आठवणीने बदलला.

त्याच स्विचने मला सगळ्यात जास्त रडवलं, ते ई-16 वालं प्रकरण. नवीन मशीनला वायर बरोबर, लॅपटॉप बरोबर, विंडोज चालू केलं की नेट पण मिळतं, पण पिक्सी म्हणलं की पत्ताच मिळत नाही. एकदा मिळाला, परत नाही. तिघं पोरं आणि मी, दुपारभर. वायर बदल, पोर्ट बदल, मशीन बदल. शेवटी त्यातल्या एका पोरीने सांगितलं की दादा, स्विचवरचा दिवा आधी बराच वेळ केशरी असतो आणि मग हिरवा होतो, आणि तोपर्यंत कॉम्प्युटरने हार मानलेली असते. झालं! स्पॅनिंग ट्री. म्हणजे नवीन काही जोडलं गेलं की स्विच लगेच दार उघडत नाही, आधी 15 सेकंद ऐकतो, मग 15 सेकंद शिकतो, नेटवर्कमध्ये गोल फेरा तर झाला नाही ना बघतो, आणि मग वाट देतो. 30 सेकंद. विंडोजला फरक पडत नाही कारण ते चालू व्हायलाच वेळ घेतं. पण पिक्सी वाट बघून बघून कंटाळतो आणि निघून जातो. याला उपाय एका ओळीचा आहे, ज्या पोर्टला नुसता पीसी आहे त्या पोर्टला पोर्टफास्ट चालू करायचं. एक ओळ. पण ती टाकायला पासवर्ड पाहिजे. स्विच रीसेट करावा तर त्याच्यावर सीसीटीव्हीचा रेकॉर्डर पण जोडलेला, सुट्टीत शाळा मोकळी, कॅमेरे बंद पाडायची माझी हिंमत झाली नाही.

मग केलं जुगाड. तालुक्याला जाऊन एक साधा आठ पोर्टचा डबा स्विच आणला, दोन-चार ठिकाणी विचारून अजून एक उसना आणला, आणि ते मध्ये टाकले. पीसी बंद-चालू झाला तरी मोठ्या स्विचला फक्त डबा दिसतो आणि डबा कायम चालू, त्यामुळे मोठ्या स्विचचं दार उघडंच राहतं. ई-16 गायब. हजारो रुपयांचा स्विच जे करू देत नव्हता ते त्या डब्याने केलं. पोरीचं मात्र कौतुक, ते केशरी-हिरवं मी बघितलंच नव्हतं, दहा वर्षं हेच काम करतोय तरी.

मधली किरकोळ दुखणी पटकन सांगतो. जुन्या मशीनला एक बूट फाईल लागते आणि नवीन यूईएफआयवाल्यांना, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवाल्यांना वेगळी, एकाला दुसऱ्याची दिली की गप्प बसतं, ते डीएचसीपीमध्ये मशीनच्या प्रकाराप्रमाणे वाटून द्यावं लागतं. नवीन मशीन फॉगच्या नेहमीच्या फाईलवर नेटवर्क कार्ड ओळखताना लटकत होती, एसएनपीओन्ली नावाची दुसरी फाईल दिली की पळाली. सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद केलं आणि नंतर परत चालू. एका ठिकाणी माझ्याच लॅपटॉपचं फायरवॉल 69 नंबरचं पोर्ट अडवून बसलेलं. आणि इमेज घेताना विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलेलं, ते चालू असलं की विंडोज बंद केलं तरी खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, मग फॉग म्हणतो या डिस्कला मी हात लावणार नाही. हे ज्याने कधी केलंय त्याला पाठ असतं, मला पण पाठ होतं, तरी विसरलो.

वायरिंगवर मात्र थांबतो जरा, कारण हे बिलात "केबलिंगसह" म्हणून दोन शब्दांत गेलेलं असतं.

उघडलेल्या 11 नवीन मशीनवर इमेज सोडली. इमेज साधारण 14 जीबी. स्क्रीनवर उरलेला वेळ दाखवतं, चार तासांच्या वर! मी म्हणलं असं कसं, स्विच गिगाबिट, मशीन गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट. मग लॅपटॉपवर लिंक स्पीड बघितला तर 100 मेगाबिट, म्हणजे गिगाबिटचा दहावा भाग. लॅपटॉप मी सरांच्या टेबलाजवळच्या भिंतीतल्या पोर्टला लावला होता. पोर्ट उघडला. आत आठ तारांपैकी चारच जोडलेल्या, निळी आणि तपकिरी जोडी तशीच गुंडाळून मागे सारलेली. आता 100 चा स्पीड चार तारांवर चालतो, पण गिगाबिटला आठच्या आठ लागतात. ज्याने बसवली त्याने चार तारा वाचवल्या असं पण नाही, केबल तर आठ तारांचीच येते, फक्त चार दाबायचा आळस! 11 मशीनचं मिळून 154 जीबी त्या एका चार तारांच्या गल्लीतून चाललं होतं. लॅपटॉप उचलून थेट रॅकपाशी नेला, माझ्या स्वतःच्या पॅच कॉर्डने मोठ्या स्विचला लावला आणि परत सुरू केलं. मशीनकडच्या पण काही वायरी चारच तारांच्या होत्या, तरी सगळं पाऊण तासाच्या आत संपलं.

जुन्या 10 ना मल्टिकास्ट करून बघितलं, म्हणजे सर्व्हर एकदाच पाठवतो आणि सगळी मशीन तेच एकत्र उचलतात. कल्पना फार सुंदर. पण दिंडीत कसं असतं, सगळ्यात म्हातारं माणूस ज्या चालीने चालतं त्याच चालीने अख्खी दिंडी चालते, तसंच. एका मशीनची वायर उंदराने अर्धी खाल्लेली, त्याची लिंक 10 मेगाबिटवर आलेली, आणि बाकीची 9 त्याच्यासाठी थांबून थांबून चाललेली. लिनक्सची इमेज लहान, 5 जीबी, तरी सव्वा तास दाखवत होता. त्या मशीनची वायर काढली, बाकीच्यांना पुढं जाऊ दिलं, शिपाईमामांकडून टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो आणि नवीन कनेक्टर दाबला. पोरांना क्रिम्पिंग शिकवलं त्याच वेळी. केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा... त्यांनी त्याला चाल लावून गाणं केलं लगेच. उरलेले पोर्ट मग त्यांनीच केले, आठही तारा जोडून, आणि खरं सांगतो, कॉन्ट्रॅक्टरपेक्षा नीट.

शेवटी सगळं उतरलं तरी जुन्या मशीनवर एकही वेबसाईट उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. तारीख बघितली तर 2012. सेल मेलेला ना! सर्टिफिकेट तपासताना मशीनला वाटतं आपण 2012 मध्ये आहोत, मग कसं चालेल. 10 सेल आणले, मेडिकलवाल्याकडे पण मिळतात ते, वजनकाट्याला लागतात, सगळ्याचे मिळून एका माणसाच्या एसटीच्या तिकिटाएवढे पैसे झाले. या सेलपायी ती 10 मशीन दोन वर्षं कव्हर घालून ठेवलेली.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या कागदांत पण एक बूट असतो साहेब. बिल्ड, ओन, ऑपरेट, ट्रान्सफर. शाळांना कॉम्प्युटर लॅब देणाऱ्या सरकारच्या आयसीटी स्कीममध्ये कितीतरी लॅब याच पद्धतीने आल्या, कॉन्ट्रॅक्टरने बांधायची, त्याच्या मालकीची, त्याने चालवायची आणि मुदत संपली की शाळेला द्यायची. त्यातला शेवटचा शब्द ट्रान्सफर. काय ट्रान्सफर झालं? डेडस्टॉकला नगांची नोंद झाली. टेबल-खुर्च्या मोजल्या गेल्या. पंखे पण मोजले. पासवर्ड कुणी मोजला का? कुठला पोर्ट कुठल्या मशीनला जातो त्याचा साधा हाताने काढलेला कागद? ज्या इमेजवरून सगळी मशीन तयार केली असतील ती इमेज? ती तर कुठंच नव्हती, बहुतेक कधी नव्हतीच, प्रत्येक मशीनवर वेगवेगळं काहीतरी टाकलेलं, एकावर तर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो होते.

घर विकत घेतलं आणि किल्ली बिल्डरच्या माणसाकडे, तो माणूस गाव सोडून गेला, तर आपण बिल्डरला सोडतो का? इथं मात्र सोडतो, कारण इथं किल्ली असते हेच कुणाला माहीत नसतं.

मला कुणी म्हणेल की पासवर्ड शाळेला दिले तर पोरं काहीतरी करून ठेवतील. करतील ना. मी पण केलं असतं. पण नेटवर्कवरून मशीन परत उभं करायची सोय असेल तर पोरांनी काहीही केलं तरी दुपारच्या सुट्टीत ते मशीन परत जसंच्या तसं होतं, 20 मिनिटांत, कुणाला फोन न लावता. ही सोय नसते म्हणूनच लॅबला कुलूप असतं. मी शाळेत असताना पण कुलूप होतं, आठवड्यातून एक तास, तो पण सरांनी चालवायचा आणि आम्ही मागून बघायचं, कारण बिघडलं तर? केरळात बघा, तिथं आयटी अॅट स्कूल 2001 पासून, पुढं त्याचंच काइट झालं, सगळ्या सरकारी शाळांना उबुंटूवर बेतलेलं त्यांचं स्वतःचं एक लिनक्स, आणि 2018 पासून लिटल काइट्स म्हणून शाळेतल्या पोरांचेच क्लब. तिथं सगळं आलबेल असेल असं मी म्हणत नाही, मी काही तिथं राहिलेलो नाही, पण मशीन उघडायला पोरांना कुणी अर्ज लिहायला लावत नसावं.

माझी मागणी एकच आहे आणि ती टेंडरमध्ये दोन ओळींत बसते. लॅब ताब्यात घ्यायच्या दिवशी, बिलावर सही व्हायच्या आधी, शाळा बोट दाखवेल ते एक मशीन कॉन्ट्रॅक्टरने सगळ्यांसमोर पूर्ण पुसावं आणि शाळेच्याच एका शिक्षकाने ते नेटवर्कवरून परत उभं करून दाखवावं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने हात मागे बांधून उभं राहायचं, तोंडाने सांगायचं तेवढं. बास. हे जर झालं तर बाकीचं सगळं आपोआप येतं. कारण हे व्हायचं तर बायोसचा पासवर्ड शिक्षकाकडे असावाच लागतो, स्विच नीट लावलेला असावाच लागतो, आठही तारा जोडलेल्या असाव्याच लागतात, इमेज शाळेत कुठल्यातरी डिस्कवर असावीच लागते. चेकलिस्टच्या चार पानांवर टिकमार्क करून जे कळत नाही ते या एका तासात कळतं. कॉन्ट्रॅक्टर मंडळींनो, तुम्हाला पण सांगतो, हे तुमच्या पण फायद्याचं आहे, दर आठवड्याला 60 किलोमीटर गाडी काढून पोरगा पाठवता ना विंडोज टाकायला, त्याचं पेट्रोल वाचेल.

आणि पासवर्ड कागदावर, पाकिटात, लाखेने बंद करून हेडसरांच्या गोदरेजच्या कपाटात, बोर्डाच्या प्रश्नपत्रिका जशा सांभाळतात तसे. व्हॉट्सअॅपवर नको. आम्ही आमच्या शाळेत असंच केलंय, पाकिटावर तिन्ही पोरांच्या सह्या आहेत साक्षीदार म्हणून, हेडसरांनीच करायला लावल्या.

आता ते बारावं मशीन. ते कुठलंतरी मशीन जळालं म्हणून बदली आलेलं, वेगळ्या कंपनीचं, जंपर नाही, सेल काढून काही होत नाही, मी रात्रभर काढून ठेवला तरी नाही. बायोस उघडत नाही, नेटवर्कवरून चालू होत नाही, पेन ड्राइव्हवरून पण नाही. त्यामुळे 21 मशीन नवी झाली आणि एक अजून त्याच जुन्या विंडोज 10 वर, दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी. पोरांनी त्याच्यावर खडूने "कॉन्ट्रॅक्टरचे" असं लिहिलंय, मी पुसलं नाही.

त्या पोराला, जो सोडून गेला त्याला, हे पत्र कुठून पोचलं तर मित्रा, तुझ्यावर राग नाही, तुला महिन्याला किती मिळत असतील त्याचा मला अंदाज आहे. फक्त पासवर्ड आठवत असेल तर शाळेच्या ऑफिसला फोन करून सांग. भाऊसाहेब लिहून घेतील. मी मे महिन्यात परत जाणार आहे.

आपला,
शाळेचा एक माजी विद्यार्थी